कधी सेल्फ घेते, कधी घेत नाही

पंधरा-वीस वर्षे वापरात असलेल्या मोटारसायकलचा मालक गॅरेजवाल्याला सांगतो, ‘गाडी कधी सेल्फ घेते, कधी घेत नाही.’ गॅरेजवाला बटण दाबतो आणि गाडी पहिल्या फटक्यात सुरू होते. दोन-तीनदा बंद-चालू करून बघितले तरी तेच. ‘लूज कनेक्शन असेल,’ म्हणत तो चार कपलर हलवतो, टर्मिनल आवळतो आणि गाडी परत देतो. आठवडाभराने भर बाजारात गाडी पुन्हा अडते. मग नवी बॅटरी बसते. काही दिवस बरे जातात. मग रिले बदलला जातो, त्यानंतर सेल्फ मोटर उघडून कार्बन बदलले जातात. तोवर मालकाचा गाडीवरचा विश्वास उडालेला असतो आणि गाडी नेहमी उताराकडे तोंड करून लावायची सवय त्याला जडलेली असते.

हे पुस्तक या एका तक्रारीबद्दल आहे. गाडी पूर्ण बंद पडली तर काम सोपे असते. वीज जिथपर्यंत पोहोचते तिथपर्यंत माग काढायचा, जिथे थांबते तिथे दुरुस्ती करायची. अधूनमधून होणारा बिघाड मात्र तपासायला बसलो की नाहीसा होतो. म्हणून तो ‘लहरी’ ठरतो, आणि एकदा लहरी ठरला की त्याला शोधायचे सोडून अंदाजाने सुटे भाग बदलण्याचा सिलसिला सुरू होतो. माझे म्हणणे नेमके याच्या उलट आहे. तांब्याच्या तारेला लहर नसते. बिघाड येतो-जातो याचा अर्थ त्याच्या काही अटी आहेत: उष्णता, ओल, हादरा, हँडलचा कोन, बॅटरीतला चार्ज. त्या अटी ओळखल्या की बिघाड हवा तेव्हा घडवता येतो, आणि हवा तेव्हा घडवता आला की तो मोजता येतो. पुढची सगळी प्रकरणे या दोन वाक्यांचा विस्तार आहेत.

‘जुनी मोटारसायकल’ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर राजदूत, येझदी किंवा आरएक्स १०० येते. पण त्या गाड्या किकच्या होत्या. सेल्फची तक्रार घेऊन आज जुन्या म्हणून येतात त्या त्यांच्या पुढच्या पिढीतल्या. २००१ साली पुण्याच्या बजाजने पल्सर आणली, २००३ मध्ये हिरो होंडाची करिझ्मा आली आणि बटण दाबून गाडी सुरू करणे ही चैन न राहता हळूहळू सवय झाली. त्या काळातल्या हजारो गाड्या आज पंधरा वर्षांची नोंदणी संपवून, पर्यावरण कर भरून, पुढच्या पाच वर्षांसाठी रस्त्यावर आहेत. दुधाचे कॅन, खताची पोती, शाळेची मुले, सगळे त्यांच्यावरच असते. त्यांची इंजिने अजून धडधाकट आहेत. म्हातारी झाली आहे ती वायरिंग. या पुस्तकातली उदाहरणे मी मुख्यतः अशाच १०० ते २२० सीसीच्या गाड्यांची घेतली आहेत.

मोटारसायकलवर सेल्फ बसवणे मुळातच अवघड होते. मोटारगाडीला सेल्फ मिळाला तो चार्ल्स केटरिंग यांच्या कामामुळे, १९१२ च्या कॅडिलॅकवर. दोनच वर्षांनी, १९१४ मध्ये, अमेरिकेतल्या ‘इंडियन’ कंपनीने हेन्डी स्पेशल ही सेल्फची मोटारसायकल काढली. ती टिकली नाही, कारण त्या वेळच्या बॅटऱ्या पुरेसा चार्ज धरून ठेवू शकल्या नाहीत. हार्ले-डेव्हिडसनच्या मोठ्या गाडीवर सेल्फ यायला १९६५ साल उजाडले. अडचण तेव्हा जी होती तीच आज आहे. हातात मावेल एवढ्या बॅटरीकडून क्षणभर खूप मोठा प्रवाह मागायचा असतो, आणि तो प्रवाह कुठेही न अडखळता मोटरपर्यंत पोहोचावा लागतो. गाडी नवी असताना ही व्यवस्था थोड्या राखीव ताकदीवर चालते. वीस पावसाळ्यांनी ती राखीव ताकद खाऊन टाकलेली असते.

आता एका समजुतीकडे वळतो, कारण माझ्या मते चुकीच्या दुरुस्त्या सर्वांत जास्त तिच्यातूनच होतात. ‘हॉर्न वाजतोय, इंडिकेटर लागतोय, म्हणजे बॅटरी आणि वायरिंग ठीक आहे.’ हे वाक्य प्रत्येक गॅरेजमध्ये ऐकू येते. शेतकऱ्याने त्यावर विश्वास ठेवू नये, कारण त्याला हे आपल्या विहिरीवरून माहीत आहे. रात्री लाइट आली की खोपटातला बल्ब पेटतो, पण व्होल्टेज कमी असले तर पंप नुसता घूं घूं करतो, पाणी उचलत नाही. बल्बला थोडके पुरते, मोटरला पुरत नाही. मोटारसायकलवर हाच हिशेब आकड्यांत मांडू. समजा, बॅटरीच्या टर्मिनलवर गंज चढून ०.०५ ओहम एवढाच अडथळा तयार झाला आहे. हॉर्न साधारण २ अँपिअर घेतो. ओहमच्या नियमाने त्या जागी ०.१ व्होल्ट खर्च होतो, हॉर्नला फरकही कळत नाही. सेल्फ मोटर ४० अँपिअर मागते तेव्हा त्याच जागी २ व्होल्ट जिरतात. अडथळा तोच, वायर तीच, बॅटरी तीच. हॉर्न ठणठणीत आणि सेल्फ मेलेला.

हेडलाइटवरून अंदाज बांधणे त्याहून फसवे. त्या काळातल्या कितीतरी गाड्यांमध्ये हेडलाइट बॅटरीवर चालतच नाही. इंजिन फिरायला लागले की मॅग्नेटोतून थेट येणाऱ्या एसी विजेवर ती लागते. अशा गाडीची हेडलाइट कितीही झगमगली तरी बॅटरीबद्दल ती अवाक्षर सांगत नाही. किकचेही तसेच. ज्या गाडीचा सीडीआय (प्लगला ठिणगी देणारा डबा) मॅग्नेटोवर चालतो ती बॅटरी पार मेलेली असली तरी किकवर सुरू होते. ज्या गाडीचा सीडीआय बॅटरीवर चालतो तिचे वेगळे आहे. तिथे सेल्फने इंजिन फिरते पण गाडी पेटत नाही आणि बटणावरून बोट काढता क्षणी भुर्रकन सुरू होते, असेही घडते. मोटर फिरताना व्होल्टेज इतके खाली जाते की सीडीआयला ठिणगी पाडायला पुरेसे उरत नाही. बोट उचलले की व्होल्टेज वर येते आणि अजून गरगरणाऱ्या इंजिनला ठिणगी मिळते. ही खूण ज्याला माहीत आहे तो प्लग आणि कार्बोरेटर उघडत बसणार नाही.

मल्टिमीटर आता गावोगावी मिळतो, पण तोही चुकीच्या वेळी लावला तर खोटा दिलासा देतो. दहा तारांपैकी नऊ तुटलेल्या वायरवरही तो १२.६ व्होल्ट दाखवील, कारण मीटर स्वतः जवळजवळ काहीच प्रवाह घेत नाही. ओहमवर ठेवून ती वायर तपासली तरी साधा मीटर ०.०५ ओहम विश्वासाने मोजू शकत नाही. त्याच्या स्वतःच्या प्रोबच्या वायरींचा अडथळा त्याहून जास्त असतो. म्हणून या पुस्तकाचा कणा एकच चाचणी आहे: मोटर प्रवाह मागत असताना, म्हणजे बटण दाबलेले असताना, व्होल्ट कुठे हरवतात ते मोजणे.

ती कशी करायची ते इथेच सांगतो, म्हणजे वाचकाला पुढच्या पानांचा अंदाज येईल. गाडी न्यूट्रलमध्ये, मेन स्टँडवर. मीटर डीसी व्होल्टवर. काळा प्रोब बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटावर धरायचा. खुद्द खुंटावर, त्यावर बसवलेल्या वायरच्या थिंबलवर नव्हे. लाल प्रोब इंजिनच्या एखाद्या रंग नसलेल्या बोल्टवर. दोन्ही टोके एकाच निगेटिव्ह बाजूची, त्यामुळे मीटर शून्य दाखवतो. आता सेल्फचे बटण दाबायचे. आकडा ०.२ च्या आत राहिला तर अर्थिंगची बाजू निर्दोष. तो १.५ किंवा २ वर उडाला तर बॅटरी आणि इंजिन यांच्यामध्ये कुणीतरी व्होल्ट गिळतो आहे. मग लाल प्रोब एकेक पाऊल मागे आणायचा: इंजिनवरून चेसिसवर, चेसिसवरून अर्थिंगच्या वायरच्या थिंबलवर, थिंबलवरून वायरच्या दुसऱ्या टोकाला, तिथून बॅटरीच्या बोल्टवर. प्रत्येक पावलाला बटण दाबायचे. ज्या पावलाला आकडा एकदम कोसळतो, त्याच्या आणि आधीच्या पावलाच्या मध्ये दोष आहे. नवा भाग न घेता, काही न उघडता, बिघाडाची जागा वीतभर अंतरात सापडते. मग तीच कवायत पॉझिटिव्ह बाजूला: बॅटरी, रिलेचे दोन मोठे बोल्ट, मोटरचा बोल्ट.

सगळी चेसिस उतरवून पावडर कोटिंग करून आणलेल्या गाडीवर ही चाचणी केली की बहुधा उत्तर लगेच हाती येते. कोटिंगचा चकचकीत थर म्हणजे उत्तम इन्सुलेशन. अर्थिंगचे थिंबल त्या थरावर आवळलेले असते आणि प्रवाह जातो तो फक्त बोल्टच्या आट्यांतून. आटे कोरडे असतात तोवर गाडी सेल्फ घेते. पहिल्या पावसात आट्यांना गंज धरला की कधी घेते, कधी घेत नाही. उपाय पाच मिनिटांचा आहे: थिंबलखालचा थर पॉलिश पेपरने धातू दिसेपर्यंत खरवडायचा, बोल्ट घट्ट करायचा आणि वरून पेट्रोलियम जेली लावायची.

मीटर जवळ नसला तरी गाडी बरेच काही सांगते. सेल्फची यंत्रणा दोन वाटांची आहे. लहान वाट इग्निशन स्वीच, किल स्वीच, क्लच किंवा न्यूट्रलचा स्वीच आणि हँडलवरचे बटण यांतून रिलेच्या कॉइलपर्यंत जाते. तिच्यातून तीन-चार अँपिअर वाहतात. मोठी वाट बॅटरीतून रिलेमार्गे थेट मोटरला. बटण दाबल्यावर काहीच आवाज नाही, तर दोष बहुधा लहान वाटेत. एकदाच ‘टक्’ होऊन शांतता, तर रिले उठला आहे. दोष मोठ्या वाटेत किंवा मोटरच्या कार्बनमध्ये. ‘टकटकटकटक’ असा झरझर आवाज, तर रिले उठतो, व्होल्टेज कोसळते, तो सुटतो, व्होल्टेज सावरते, पुन्हा उठतो. म्हणजे बॅटरी खचलेली किंवा तिचे टर्मिनल सैल. मोटर घुर्र फिरते पण इंजिन हलत नाही, तर वीज निर्दोष आहे आणि वन-वे क्लच बघावा. याच वेळी न्यूट्रलच्या हिरव्या दिव्यावर नजर ठेवावी. बटण दाबल्यावर तो पार विझला, तर दिव्याला आणि मोटरला मिळून वीज देणाऱ्या भागात, म्हणजे बॅटरीत किंवा तिच्या टर्मिनलवर, खोट आहे. तो जराही मंद झाला नाही, तर मोटरपर्यंत प्रवाह जातच नाही.

अटींबद्दलचे प्रकरण मी मुद्दाम मोठे ठेवले आहे. कोकण किनाऱ्यावर खारी हवा कपलरच्या पितळी पिनांवर हिरवा गंज चढवते. तिथे बिघाड सकाळी दवात येतो आणि ऊन चढले की जातो. मराठवाडा-विदर्भाच्या उन्हाळ्यात उलटे होते. तांब्याचा अडथळा दर अंशाला सुमारे ०.४ टक्के वाढतो. इंजिनशेजारची मोटर आणि रिलेची कॉइल ५० अंशांनी तापली तर तो पाचव्या हिश्शाने वाढलेला असतो. थंड असताना कशीबशी चालणारी यंत्रणा अशा वेळी हात टेकते. चहाला थांबून निघताना सेल्फ न घेणारी आणि अर्ध्या तासाने निमूट घेणारी गाडी या जातीची. हँडल एका बाजूला वळवल्यावरच बिघाड येत असेल तर स्टिअरिंगजवळ वाकणाऱ्या वायरिंगमध्ये, रबर शाबूत पण आतली तांब्याची तार तुटलेली, असे निघते. घाटातून किंवा खड्ड्यांतून आल्यावर येत असेल तर सैल फ्यूज होल्डर, बटणातली झिजलेली पट्टी. आणि दोन-तीन दिवस गाडी उभी राहिल्यावरच येत असेल, तर वायरिंग खोलण्याआधी बॅटरीचा चार्ज बघावा.

बॅटरीबद्दल चार आकडे पाठ असावेत. पूर्ण चार्ज झालेली बॅटरी रात्रभराच्या विश्रांतीनंतर १२.६ व्होल्ट किंवा थोडे वर दाखवते. १२.४ म्हणजे साधारण पाऊण चार्ज. सेल्फ फिरताना खुंटांवरचे व्होल्टेज १० च्या फार खाली जाऊ नये. इंजिन मध्यम वेगाने फिरताना ते साडेतेरा ते साडेचौदाच्या दरम्यान असावे. कमी असेल तर रेग्युलेटर किंवा मॅग्नेटोची कॉइल तपासावी, नाहीतर नवी बॅटरीही महिन्याभरात जुनी होईल. नवी बॅटरी घातल्यावर गाडी काही दिवस बरी चालते, यावरून ‘जुनीच खराब होती’ असा निष्कर्ष काढू नये. नव्या बॅटरीचे जास्तीचे व्होल्ट वायरिंगमधली व्होल्टेजची घट काही काळ झाकतात, इतकेच.

या सगळ्यातून मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा मुद्दा आता मांडतो. अधूनमधून येणारा बिघाड तपासणाऱ्याला कटकटीचा वाटतो, पण त्याच्यात एक मोठी सोय दडलेली आहे. एकाच गाडीवर, त्याच बॅटरीने, त्याच मीटरने, चांगली आणि वाईट अशा दोन्ही अवस्थांतली मापे मिळतात. पुस्तकातल्या आकड्यांवर अवलंबून राहावे लागत नाही; तुमचीच गाडी तुमचे प्रमाण ठरवते. चालू असताना अर्थिंगवर ०.१ व्होल्ट आणि अडल्यावर १.८, एवढी जोडी हातात आली की वाद संपतो. म्हणून गाडी गॅरेजमध्ये ‘व्यवस्थित’ सुरू होते तो वेळ वाया गेला असे मानू नका. तो निम्मा पुरावा गोळा करण्याचा वेळ आहे. उरलेला निम्मा मिळावा म्हणून ड्रायर, पाण्याचा फवारा आणि हातांनी वायरिंग हलके हलवणे यांचा वापर कसा करायचा, ते तिसऱ्या भागात आले आहे.

पुस्तकाचे चार भाग आहेत. पहिल्या भागात विजेची जेवढी ओळख या कामाला लागते तेवढीच. सूत्र एकच, ओहमचे. दुसऱ्यात सेल्फच्या दोन्ही वाटा, एकेक सुटा भाग उघडून. तिसऱ्यात अटी आणि चाचण्या. चौथ्यात दुरुस्ती: थिंबल कसे दाबावे, टर्मिनलवरची पांढरी पावडर खायच्या सोड्याच्या पाण्याने कशी धुवावी, कपलरची सैल पिन कशी घट्ट करावी. इंजेक्शनच्या नव्या गाड्या, त्यांचे सेन्सर आणि स्कॅनर यांना इथे जागा नाही. तो वेगळा विषय आहे आणि घाईने आटोपण्यासारखा नाही.

सुरक्षिततेच्या सूचना प्रत्येक प्रकरणात आहेत, तरी तीन इथेही सांगतो. बॅटरीजवळ काम करताना हातातली अंगठी आणि कडे काढून ठेवा, आणि वायर सोडवताना आधी निगेटिव्हची सोडवा. चार्जिंग होत असलेल्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो; तिथे विडी-काडी नको. आणि स्क्रू ड्रायव्हरने रिले ‘डायरेक्ट’ करून बघण्याआधी गाडी न्यूट्रलमध्ये असल्याची स्वतः चाक फिरवून खात्री करा, कारण तसे करताना क्लच आणि न्यूट्रलचे सगळे स्वीच आपण वगळलेले असतात.

हे पुस्तक मालकासाठी आहे तसेच मेकॅनिकसाठीही. आपल्याकडचे मेकॅनिक इंजिनच्या आवाजावरून टॅपेट ओळखतात, हाताच्या अंदाजाने क्लच लावतात. एवढी जाण असलेल्या माणसाला वायरिंगच्या कामात मात्र सुटे भाग बदलून बघण्यावाचून मार्ग राहत नाही, कारण ही बाजू त्याला कुणी नीट शिकवलेली नसते आणि अर्धा तास मीटर लावून बसण्याचे पैसे कुणी देत नाही. मालकांना माझी कळकळीची विनंती आहे: बदललेल्या भागाचे पैसे आपण जसे मुकाट देतो तसेच तपासणीच्या वेळेचेही द्यावेत. ज्याने काहीही न बदलता दोष शोधून दिला, त्याने आपले सर्वांत जास्त पैसे वाचवलेले असतात.

शेवटी एक काम सांगतो, आणि ते पहिले प्रकरण वाचण्याआधी करावे. तुमची गाडी आज नीट सेल्फ घेत असेल तर आजच चार मापे घ्या: सकाळी बटण दाबण्यापूर्वीचे बॅटरीचे व्होल्टेज, सेल्फ फिरत असतानाचे खुंटांवरचे व्होल्टेज, त्याच वेळी अर्थिंगच्या बाजूला आणि पॉझिटिव्ह बाजूला होणारी व्होल्टेजची घट. तारीख घालून ती आरसीच्या पाकिटात किंवा सर्व्हिसच्या वहीत लिहून ठेवा. ज्या दिवशी गाडी अडेल त्या दिवशी हीच चार मापे पुन्हा घ्या आणि दोन्ही कागद शेजारी ठेवा. कुठला आकडा बदलला आहे ते बघा, आणि पुस्तकाचे तेवढेच प्रकरण उघडा.